वळणावरची देवळी

१

हेल्मेट मुलीच्या कोपरात अडकवलेलं सापडलं, आणि तेवढ्यावर तिची फाइल बंद होणार होती.

विमा कंपनीची तपासनीस पोलिक्सेनी व्रेत्तू हातात ते हेल्मेट घेऊन एका ग्रीक बेटावरच्या पोलीस चौकीत बसली होती. फाइल बंद करायला खरं तर पिरेअसहून बोटीनं यायची गरज नव्हती. साहेबांनी फोनवर तसं ऐकवलंही होतं. "अहो बाई, डोक्यावर हेल्मेट नाही आणि गाडी कच्च्या रस्त्यावर. दोन्हींपैकी एक असतं तरी आपण मोकळे होतो. सही करा आणि घरी जा."

तिला खटकलं होतं ते नेमकं हेच. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिनं नियम मोडणारे ढीगभर पाहिले होते, पण कंपनीला सोयीचे दोन नियम एकाच वेळी मोडणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

मुलगी स्लोवाकियाची होती, नाव दागमार. बेटावर मोटरसायकल भाड्यानं घेताना तिनं स्वतःच्या जिवाचा जादा विमा उतरवला होता. मठाकडे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटेवर ती बेशुद्ध सापडली. आता ती इथल्या इस्पितळात होती. शुद्धीवर आली होती, पण कमरेखाली काहीच हलत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, चांगल्या ठिकाणी वेळेवर उपचार झाले तर ती पुन्हा उभी राहू शकेल. तिचा बाप बस चालवायचा, तसल्या उपचारांचं नुसतं नाव काढणंसुद्धा त्याच्या ऐपतीबाहेरचं होतं. विमा मिळाला तर पोरगी उभी राहणार, नाही तर नाही. सगळा मामला एवढ्यावर येऊन ठेपला होता.

"सापडली कशी?" पोलिक्सेनीनं विचारलं.

चौकीचा हवालदार झेनोफोन कॉफीत साखर ढवळत होता. "फोन आला. बाईमाणूस होतं. नाव न सांगताच ठेवला. आम्ही गेलो, तर ही आडवी पडलेली, शेजारी गाडी, कोपरात हेल्मेट. आता मॅडम, इथे सगळेच कोपरात घालतात. मीसुद्धा घालतो. उकडतं ना!"

"तुम्ही इथले. ही स्लोवाकियाची."

"चार दिवसांत शिकतात हो. वाईट सवयी शिकायला काय वेळ लागतो?"

पोलिक्सेनीनं हेल्मेट खिडकीकडे नेलं आणि आतलं अस्तर बोटांनी उलगडलं. त्यात सुकलेल्या रक्ताचा डाग होता आणि डागात पिवळसर केस चिकटले होते.

"झेनोफोन," ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या बेटावर बायकांच्या कोपरावर केस उगवतात का?"

हवालदाराचा चमचा जागीच थांबला.

२

मोटरसायकल भाड्यानं देणाऱ्या स्तामातिसचं दुकान बंदराच्या वर होतं, म्हणून झेनोफोननं तिला जीपमधून नेलं. वाटेत वळणावर, ऑलिव्हच्या झाडाखाली खांबावर एक पत्र्याची देवळी दिसली. देवळाच्या आकाराची, काचेमागे संताची तसबीर, पुढे तेलाचा दिवा. रंग इतका ताजा की उन्हात चमकत होता. झेनोफोननं एक हात स्टिअरिंगवरून काढून छातीवर क्रूस काढला.

"कोण गेलं इथे?" पोलिक्सेनीनं विचारलं. रस्त्यात माणूस गेलं की घरचे तिथे अशी देवळी उभारतात.

"कोणी नाही."

"म्हणजे कोणीतरी वाचलं." मरता मरता वाचलेला माणूसही त्याच जागी देवळी उभारतो. "कोण वाचलं?"

"असेल कोणी. मी काय सगळ्यांचे नवस मोजत बसतो का?" आणि त्यानं उगाचच हॉर्न वाजवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

स्तामातिस गुटगुटीत, गोडबोल्या माणूस होता. त्यानं पोलिक्सेनीला खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं आणि विचारायच्या आधीच सुरू झाला. "मी प्रत्येकाला सांगतो मॅडम. तोंडपाठ आहे माझं. विमा पक्क्या रस्त्यावर, हेल्मेट डोक्यावर, कागदावर नाव असेल त्यानंच चालवायची, दारू प्यायली तर नाही. बायबलसारखं म्हणतो. पण ऐकतंय कोण! यांना वाटतं, फुल विमा म्हणजे आकाशातून पडलं तरी पैसे."

"तिलाही सांगितलं होतंत?"

"तिनं तर दोनदा विचारून घेतलं."

"दोनदा विचारून घेतलं आणि मग दोन्ही नियम मोडले?"

स्तामातिसनं खांदे उडवले. "तरुण रक्त आहे!"

मोडकी मोटरसायकल मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. पोलिक्सेनी गुडघ्यावर बसली. उजव्या बाजूला ओरखडे होते आणि त्यांत डांबरातली काळी, बारीक खडी रुतलेली होती. गाडीला वरवर लाल माती फासल्यासारखी लागली होती, पण चाकावरच्या पत्र्याखाली हात घातला तर तिथे स्वच्छ. लाल मातीच्या वाटेवर गाडी शंभर पावलं गेली तरी पहिली माती तिथेच चिकटते. मागचा पत्रा मात्र आत वाकला होता. पुढे पडणारी गाडी मागून वाकत नाही.

"पावसानं धुतली असेल खालून," स्तामातिस पाठीमागून म्हणाला.

"मे महिन्यानंतर पाऊस कुठे पडलाय तुमच्याकडे?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण सरबताचा ग्लास त्यानं स्वतःच पिऊन टाकला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक म्हातारी ओरडली, "स्तामातिस, पाहुणीला जेवायला वर पाठव रे! आणि तिला सांग, पोरीचा बाप वरच आहे."

३

म्हातारीचं नाव अनेझो. ती स्तामातिसची सासू. दुकानावरच्या खोल्या ती प्रवाशांना भाड्यानं द्यायची. दागमार तिच्याकडेच उतरली होती आणि आता तिचा बाप त्याच खोलीत राहत होता. अनेझो त्याच्याकडून छदामही घेत नव्हती. रोज भरलेली वांगी, रोज गरम भाकरी.

"माणसानं माणसाला नाही विचारायचं तर कोणी विचारायचं?" असं म्हणत तिनं पोलिक्सेनीच्या पेल्यात वाइन ओतली. पेला भरून वाइन टेबलावर सांडायला लागली तरी ती ओततच होती.

"मावशी, बस!"

"अगं बाई! बोलण्याच्या नादात लक्षच नाही माझं."

दागमारचा बाप ओंद्रेय पंचावन्नचा, मोठ्या पंजांचा माणूस होता. उन्हाळी प्रवाशांच्या बसगाड्या वीस वर्षं ग्रीसपर्यंत आणून तो इथली भाषा मोडकीतोडकी शिकला होता.

"माझी मुलगी हेल्मेट काढत नाही," तो म्हणाला. "मी शिकवलं गाडी. लहान असताना. आमच्या अंगणात गाडी मागे घ्यायची, तरी पट्टा लावते. लोक हसते. ती लावते."

"माझा विश्वास आहे," पोलिक्सेनी म्हणाली.

ओंद्रेयनं मान खाली घातली. इतक्या दिवसांत असं म्हणणारं त्याला कोणी भेटलं नव्हतं. अनेझोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "देवमाणूस आहे हो. माझे गुडघे धरलेत, गाडी चालवता येत नाही, तर हाच मला पिकअपमधून नेतो. बाजारात, चर्चमध्ये. पोटच्या पोरानं केलं नसतं."

"चांगली पिकअप," ओंद्रेय म्हणाला. "जुनी. पण पुढचा उजवा दिवा एकदम नवा. डावा म्हातारा, उजवा तरणा." तो केविलवाणं हसला.

अनेझो भांडी उचलायला लागली. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या ती भराभर उतरली. धरलेल्या गुडघ्यांची बाई अशी उतरत नाही, पोलिक्सेनीच्या मनात आलं. पण खालच्या पायरीशी पसरलेल्या काळ्या मांजराला म्हातारी सरळ जाऊन अडखळली, भर दुपारच्या उजेडात.

४

इस्पितळात दागमार छताकडे बघत पडली होती. हनुवटीखाली पट्ट्याच्या रुंदीचा पिवळा पडलेला वळ होता. कोणी नोंद घेतली नव्हती, कारण कोणी विचारलंच नव्हतं. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टाही आवळलेला होता. ते नंतर काढून कोपरात अडकवलं ते दुसऱ्या कुणी. आणि ज्यानं अडकवलं तो इथलाच. परक्या माणसानं ते बाजूला फेकलं असतं. या बेटावरच्या माणसाला हेल्मेट डोक्यावर नसेल तर कोपरात असतं, तिसरी जागा सुचतच नाही.

"काही आठवतं का?" पोलिक्सेनीनं विचारलं आणि ओंद्रेयनं ते मुलीला तिच्या भाषेत सांगितलं.

मुलगी बराच वेळ बोलली. ओंद्रेय नुसता ऐकत राहिला.

"ती म्हणते, पडली. मग डोळ्यावर ऊन. मी शिकवलं होतं, पडलं की उठायचं नाही, आधी बोटं हलवून बघायची. तिनं बुटात पायाची बोटं हलवली. डावी. उजवी. हलली. तिला बरं वाटलं. मग दोन माणसं आली. उचललं. मोठी कळ. मग काही नाही." त्यानं कपाळ पुसलं. "डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार आहे, स्वप्न पडलं असेल."

पोलिक्सेनी उठली. ती व्हरांड्यात गेली आणि साहेबांना फोन लावला.

"रस्ता डांबरी होता. हेल्मेट डोक्यावर होतं. मागून कुणीतरी ठोकलंय आणि नंतर हलवलंय."

"पुरावा?"

"उद्यापर्यंत देते. एक विचारू? पडल्यावर मणका शाबूत होता आणि नंतर कुणी वेडंवाकडं उचलल्यामुळे गेला, असं निघालं तर?"

साहेबांचा आवाज खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच. "मग तो अपघात कुठला, बाई? तो गुन्हा झाला. आपण गाडीवरून पडण्याचा विमा उतरवतो, लोकांच्या पापाचा नाही. तसं काही असेल तर ठळक लिहा हं. विसरू नका."

दोन कुलपं उघडली होती, तर साहेबांनी तिसरं लावलं. पोलिक्सेनीनं फोन बंद केला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कंपनीला एक सणसणीत शिवी हासडली. शेजारून जाणारी नर्स दचकली.

मग तिनं जागा शोधायचं ठरवलं. फार शोधायची गरजच नव्हती, जागा त्या देवळीनं सकाळीच दाखवली होती. ती चालत त्या वळणावर गेली. देवळीच्या समोर रस्त्याच्या कडेला गवतात लाल-नारिंगी काचेचे तुकडे होते, आणि डांबरावर लांब पांढुरका ओरखडा. पोलिसांना खोटी जागा दाखवता येते, कंपनीला दाखवता येते. पण ज्या संतानं जीव वाचवला त्याला भलत्याच ठिकाणी उभं करायची छाती या बेटावर कुणाचीच नाही.

देवळीतला दिवा जळत होता. म्हणजे कोणीतरी रोज तेल घालत होतं. पोलिक्सेनीनं इकडेतिकडे पाहिलं, काचेचं दार उघडलं आणि फुंकर मारून दिवा विझवला. मग ती ऑलिव्हच्या झाडामागे जाऊन बसली.

५

ऊन उतरता उतरता पिकअप आली. उजवा दिवा तरणा, डावा म्हातारा. अनेझो येणार हे पोलिक्सेनीला ठाऊकच होतं. पण चालकाच्या दारातून हातात तेलाची बाटली घेऊन जो उतरला, त्याला पाहून ती झाडामागेच थांबली.

तो ओंद्रेय होता.

देवळीपाशी येऊन त्यानं विझलेला दिवा पाहिला आणि लहान मुलासारखा घाबरून हाका मारायला लागला. "बाई! बाई! दिवा गेला! विझला!"

पोलिक्सेनी पुढे आली. "मी विझवला. तुम्ही रोज येता इथे?"

"रोज. बाईनं सांगितलं. इथे दिवा विझू द्यायचा नाही, मग दागमार चालेल." त्यानं बाटली छातीशी धरली. "तुम्ही का विझवला?"

अनेझो पिकअपमधून उतरली होती. दाराला धरून तशीच उभी राहिली. पोलिक्सेनी तिच्याकडे वळली तेव्हा तिच्या आवाजात राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"मावशी, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. गेलेत ते डोळे. पेला दिसत नाही, मांजर दिसत नाही, आणि त्या दिवशी मोटरसायकल दिसली नाही. दिवा फुटला तो जावयानं नवा बसवला. जावयाला विम्याचे नियम तोंडपाठ. कच्चा रस्ता आणि डोक्यावर हेल्मेट नाही म्हटलं की कंपनी पैसे देत नाही, आणि पैसे द्यायचे नसले की कंपनी माणूस पाठवत नाही, हे त्याला पक्कं माहीत. म्हणून गाडी उचलून लाल मातीत नेली. मुलगीही नेली. फोन मात्र तुम्ही केलात."

"मीच केला," अनेझो पुटपुटली. "स्तामातिस नको म्हणत होता. मी केला."

"आणि देवळी?"

"ती जिवंत राहिली ना गं! मेली असती तर मी तोंड कुठे दाखवलं असतं? संताचे आभार नकोत मानायला?" आणि म्हातारीनं एकदम हंबरडा फोडला. "डोळ्यांमुळे लायसन गेलं होतं, पिकअपचा विमा कधीच संपलाय. घर गेलं असतं माझं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. कोणी काही बोललं नाही गं, सगळे नुसते क्रूस काढून पुढे जातात. मला वाटलं, फार लागलेलं नाही तिला. पाय हलवत होती. म्हणून तर उचललं!"

ओंद्रेयला सगळे शब्द कळले नव्हते. पण शेवटचे कळले. त्यानं आधी पिकअपकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. इतके दिवस तो हीच गाडी चालवत होता.

"उचलताना," तो अगदी हळू म्हणाला, "पाय कोणी धरले?"

अनेझोनं पिकअपचं दार सोडलं. मग म्हणाली, "मी."

६

ओंद्रेयनं तिच्या अंगावर हात टाकला नाही. टाकला असता तर पोलिक्सेनीनं अडवलं नसतं. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि पोलिक्सेनी त्याच्याशेजारी बसली. जे सांगायचं होतं ते तिनं त्याला अगदी सोप्या शब्दांत सांगितलं. सांगताना तिला स्वतःची घृणा आली.

"मी दोन गोष्टी लिहू शकते. पहिली खरी. मुलगी पडली तेव्हा पाय हलत होते, या दोघांनी उचलून तिला अधू केलं. मग हे दोघं तुरुंगात जातील आणि कंपनी छदामही देणार नाही. खटला भरता येईल. म्हातारीचं घर विकून काही मिळेलही, पण तोवर तुमच्या मुलीची उभी राहायची वेळ निघून जाईल."

"दुसरी?"

"मुलगी डांबरी रस्त्यावर पडली, हेल्मेट डोक्यावर होतं, मणका पडतानाच गेला. या दोघांनी नंतर हलवलं, एवढंच. मग कंपनीला द्यावेच लागतील. हे ठोकून पळाल्याच्या गुन्ह्यावर थोडक्यात सुटतील." ती थांबली. "मावशी पायांबद्दल जे बोलल्या ते मी ऐकलेलं नाही. तुम्हीही ऐकलेलं नाही."

"आणि दागमार? ती सांगते सगळ्यांना. बोटं हलली म्हणून."

"तिनं सांगायचं नाही."

अनेझो रडता रडता त्यांच्याकडे बघत होती. तिला अंधुक एवढंच दिसत असावं, की दोन माणसं शेजारी बसली आहेत आणि कोणी ओरडत नाही. तिच्या चेहऱ्यावर आशा उमटली. पोलिक्सेनीला ती आशा बघवेना.

"दुसरी लिहा," ओंद्रेय म्हणाला.

तो उठला. तेलाची बाटली अजून त्याच्या हातात होती. बूच काढून तो दोन पावलं रस्त्याकडे गेला, मग थांबला. वळणावर तेल सांडलं तर मागून येणारा कोणीतरी घसरला असता. तो माघारी आला, सगळं तेल ऑलिव्हच्या मुळाशी ओतलं आणि रिकामी बाटली देवळीसमोर ठेवून दिली. मग तो चालत निघाला. पिकअपची किल्ली त्यानं गाडीतच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी स्तामातिसनं आणि अनेझोनं चौकीत जागेबद्दल आणि हेल्मेटबद्दल जबाब दिला. झेनोफोननं तो वर मान न करता उतरवला. पोलिक्सेनीनं अहवाल लिहिला, सही केली आणि बोटीपूर्वी इस्पितळात गेली. दार उघडं होतं. ती आत गेली नाही. खोलीत ओंद्रेय मुलीजवळ बसला होता आणि आज सोबतच्या तरुण डॉक्टरला कळावं म्हणून मुद्दाम इथल्या भाषेत बोलत होता. दागमारही बापाकडून शिकलेल्या मोजक्या शब्दांत तीच भाषा अडखळत बोलत होती.

"बाबा, खरंच. मी बोटं हलवली. डावी, मग उजवी. तुम्ही शिकवलं तसं."

ओंद्रेयनं चादरीवरून तिच्या निर्जीव पावलांवर आपला मोठा पंजा ठेवला.

"नाही गं बाळ," तो म्हणाला. "तुला स्वप्न पडलं."